शब्द बदलला की अपमान जातो का?

नवा शब्द आणला की अपमान संपतो, हे काही मला पटत नाही. मोरॉन बघा ना, १९१० मध्ये हेन्री गॉडर्ड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तो ग्रीकवरून मुद्दाम घडवला, कारण इडियट आणि इंबेसाइल हे तेव्हा बौद्धिक अपंगत्वाच्या पायऱ्यांसाठीचे चक्क डॉक्टरी शब्द होते आणि त्याला त्यांच्या वरची, म्हणजे सौम्य अपंगत्वाची, एक पायरी हवी होती, आता तिन्ही सरळसरळ शिव्या झाल्यात! मग सौम्य म्हणून 'रिटार्डेड' आला, त्याचीही तीच गत, शेवटी २०१० मध्ये अमेरिकेत त्यांना तो केंद्रीय कायद्यांतून काढायला वेगळा कायदा करावा लागला. मनातला तिरस्कार तसाच राहतो, मग नव्या शब्दालाही तो चिकटतोच.

उलटंही होतं पण. नाझी छळछावण्यांत समलिंगी पुरुषांच्या कपड्यांवर गुलाबी त्रिकोण शिवायचे, टोक खाली. १९७० च्या दशकात समलिंगी हक्कांच्या चळवळीतल्या लोकांनी स्वतःहून तोच उचलला, आणि १९८७ च्या न्यूयॉर्कमधल्या एड्सच्या पोस्टरवर तर टोक वर, खाली लिहिलेलं, 'सायलेन्स = डेथ', म्हणजे गप्प राहणं म्हणजे मरण. हे ज्यांनी सोसलं त्यांनी केलं म्हणून जमलं, बाहेरच्याने असा शब्द किंवा खूण वापरून 'आता चालतं की' म्हणणं मला तरी अजिबात बरोबर वाटत नाही.