ऊसतोड मजुरांच्या मुलांवर पेपर, प्रस्तावना आणि संशोधन प्रश्नांवर अडलंय

अर्धवट_सिनॉप्सिस: एमएसडब्ल्यू दुसरं वर्ष, विषय 'बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांच्या मुलांचे शिक्षण : एक अभ्यास'. गाईड म्हणतात तुझा विषय चौथ्या पानावर उगवतो, आणि संशोधन प्रश्न म्हणून जे दिलंय ("समस्या जाणून घेणे", "परिणाम अभ्यासणे") ती उद्दिष्टं झाली. सोमवारी द्यायचंय, सांगा ना कुणीतरी.

वाचनालय_बंद: पहिलं वाक्य 'शिक्षण हे समाजपरिवर्तनाचे प्रभावी साधन आहे' असणार, पैज. ते उडव, गुरुकुलबिरुकुल तेही उडव. थेट असं सुरू कर की शाळा जूनमध्ये उघडते, दिवाळीच्या आगेमागे कारखाने पेटतात आणि कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जाते ती मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडल्यावरच, म्हणजे हंगाम संपल्यावरच, परत, म्हणजे सोबत गेलेल्या पोरांचं दुसरं सत्र गेलं. मग साखरशाळा (कारखान्यापाशी पोरांसाठी भरणाऱ्या शाळा), गावात मागे राहिलेल्या पोरांसाठीची हंगामी वसतिगृहं, २००९ चा आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा, आणि एवढं असूनही नक्की काय कळलेलं नाही ते. तुझा प्रश्न तिथे येतो.

धारूरची_पोर: वसतिगृह म्हटलं की लोकांना बिल्डिंग वाटते, आमच्याकडे पोरं शाळेत जेवतात आणि झोपायला आज्जीकडे. आणि नुसत्या हजेरीपटावर जाऊ नकोस गं, पटावर नाव असतं आणि पोरगी कोपीवर, म्हणजे तिकडच्या तात्पुरत्या झोपडीत, धाकट्याला सांभाळत असते.

मोफत_सल्ला: मला तर शीर्षकच खटकतंय. 'एक अभ्यास' काढ, जिल्हा सोडून एक तालुका धर. आणि ज्याचं उत्तर आधीच माहितीय तो प्रश्न घेऊ नये, स्थलांतराने शाळा बुडते का हे काय विचारायचं!

अर्धवट_सिनॉप्सिस: थँक्यू सगळ्यांना 🙏 मग असं चालेल? एक, धारूर तालुक्यातली ऊसतोड कुटुंबं कोणत्या मुलाला मागे ठेवायचं आणि कोणाला सोबत न्यायचं हे कशावरून ठरवतात, त्यात मुलगा-मुलगी फरक होतो का? दोन, वसतिगृह योजनेमुळे मुलांची प्रगती होते का?

वाचनालय_बंद: पहिला झकास, त्याच्यावरच पेपर होईल. दुसऱ्यात 'प्रगती' कशाने मोजणार? हजेरी घे नाहीतर वाचन घे, एकच. आणि फील्डवर्क जानेवारीत ठेवलं असशील तर गावात मागे राहिलेलीच पोरं भेटतील, गेलेल्यांना आणि त्यांच्या आईबापांना विचारायचं तर पट्टा पडल्यावर जा किंवा सरळ फडावर, जिथे तोड चालू असते तिथे. गाईडशी आधी हे बोल.