प्रकल्पापुरती येणारी मुलं वाचनालयात टिकवायची कशी?

नवीन_ग्रंथपाल

नमस्कार. जूनपासून एका माध्यमिक शाळेत अर्धवेळ ग्रंथपाल म्हणून रुजू झाले आहे. दाखल नोंदवहीत २,३०० पुस्तकं आहेत, सात कपाटं, सगळी कुलपात. मुलं येतात ती प्रकल्पाची वही घेऊनच. मजकूर घरी मोबाइलवरून उतरवलेला असतो, माझ्याकडून त्यांना फक्त ‘संदर्भग्रंथ’ या मथळ्याखाली लिहायला एखाद्या पुस्तकाचं नाव हवं असतं. नाव लिहून घेतात आणि जातात. पुस्तक उघडतही नाहीत.

प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एक तास मिळतो, ३५ मिनिटांचा. त्यात माहिती शोधायला शिकवू की वाचनाची गोडी लावू? दोन्ही बसत नाही. जुन्या ग्रंथपालांनी सांगावं.

साताऱ्याची_ग्रंथपाल

ताई, १९ वर्षं हेच काम करते आहे. गेल्या वर्षीची एक गोष्ट सांगते, त्यात तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर आहे.

नववीतला एक मुलगा जलसुरक्षेच्या प्रकल्पासाठी लिंब गावच्या बारा मोटेच्या विहिरीची माहिती घेऊन आला. वहीत एका ठिकाणी बांधकाम १६४१ ते १६४६, दुसऱ्या ठिकाणी १७१९ ते १७२४. म्हणाला, “मॅडम, यातलं खरं कुठलं? बरोबर तेवढं ठेवतो.” उत्तर मला माहीत होतं, पण सांगितलं नाही. विचारलं, विहीर कुणी बांधली? वहीत होतंच: शाहू महाराजांच्या काळात, विरूबाई भोसले यांनी. मग कपाटातून मराठ्यांच्या इतिहासाचं पुस्तक काढून दिलं आणि शाहू महाराजांचं जन्मसाल शोधायला सांगितलं. बोट फिरवत फिरवत १६८२ वर आला आणि थांबला. “म्हणजे महाराज जन्मायच्या आधीच विहीर?”

तिथून पुढे त्याला ओढावं लागलं नाही. विहिरीवरच्या शिलालेखाचा फोटो त्याच्या वहीत चिकटवलेला होता. भिंग दिलं. त्यातला ‘शके’ हा शब्द त्यानेच वाचला. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं हे मी सांगितलं, बेरीज त्याने मागच्या पानावर केली: १६४१ अधिक ७८, १७१९. कुणीतरी शकाचा आकडा इसवी सन समजून टाकला होता आणि पुढच्यांनी तो तसाच उचलला होता. मुलगा वहीकडे बघत म्हणाला, “मग बाकीचे आकडे पण तपासायला पाहिजेत.” मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी उठेना.

त्या दिवशी त्याने आपण होऊन पुस्तक घरी मागितलं. तेच इतिहासाचं, जन्मसालापुरतं उघडलेलं. म्हणून मला शोधणं आणि वाचणं ही दोन कामं वाटतच नाहीत. मूल अडलं की त्याच्या शेजारी बसा, उत्तर देऊ नका, कपाट दाखवा.

काही रोजच्या गोष्टी. विश्वकोशाचा खंड मुलांच्या हातात द्याच. आमच्या मुलांना कोशातला वर्णक्रम येत नाही, कारण मोबाइलवर त्याची गरज पडत नाही. ‘अंक’ हा शब्द ‘अकबर’च्या आधी येतो याचं त्यांना नवल वाटतं (पहिला खंड ‘अंक’पासूनच सुरू होतो). विश्वकोश संकेतस्थळावर आहे, जिल्हा गॅझेटिअरही (जिल्ह्याच्या माहितीचे सरकारी ग्रंथ) आहेत, पण आधी छापील खंडावर हात बसू द्या. साताऱ्याचं जुनं इंग्रजी गॅझेटिअर १८८५ चं आहे. त्यातला आपल्या तालुक्याचा उतारा मुलांसोबत अडखळत वाचायला मला फार आवडतं. दीडशे वर्षांपूर्वी आपल्या बाजारात काय विकलं जायचं हे वाचताना सातवीची मुलं अगदी चिडीचूप होतात.

आणि पुस्तकाच्या मागच्या खिशात एक कोरी चिठ्ठी ठेवा. वाचून परत करणाऱ्याने पुढच्यासाठी एक ओळ लिहायची. ‘छान आहे’ चालणार नाही, पान क्रमांक हवा. एका मुलीने लिहिलं होतं, “पान ४३ रात्री एकटीने वाचू नको.” ते पुस्तक त्या वर्षी कपाटात दिसलंच नाही.

पण ताई, कुलपं काढा. सगळ्यात आधी ते.

वाईचा_इतिहास_शिक्षक

वरच्या मॅडमचं पटलं. थोडी चूक आम्हा शिक्षकांचीही आहे. आम्ही नुसता विषय देतो: ‘बारव’, ‘किल्ले’, ‘लोकमान्य टिळक’. विषय दिला की मूल उतरवणारच. दोन वर्षांपासून मी प्रश्न देतो. “आपल्या वाडीतल्या विहिरीचं पाणी प्यायचं कधी बंद झालं, आणि का?” हे कुठल्याही संकेतस्थळावर सापडत नाही. मुलं आधी आजीला विचारतात, आजी १९७२ च्या दुष्काळाचं सांगते, मग तो दुष्काळ समजून घ्यायला वाचनालयात यावंच लागतं. तुम्ही सत्राच्या सुरुवातीला विषयशिक्षकांसोबत अर्धा तास बसा, प्रकल्पाचे प्रश्न मिळून ठरवा. पुढचं काम निम्म्याने हलकं होईल.

सहावीतल्या_मुलीची_आई

मी ग्रंथपाल नाही, तरी लिहिते. आमच्या लेकीच्या शाळेत ‘किशोर’चे अंक बाकांवर मोकळे पडलेले असतात, नोंद न करताही चाळता येतात. तिची सुरुवात तिथून झाली. बालभारतीने जुने अंकही संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत, अगदी १९७१ पासूनचे. माझ्या लहानपणी वाचलेला एक अंक त्यात सापडला, तो आम्ही दोघींनी एका रात्रीत वाचून काढला.

नवीन_ग्रंथपाल

सगळ्यांचे मनापासून आभार. चिठ्ठ्या कापून ठेवल्यात. पण कुलपाचं भय जात नाही. आधीच्या शाळेत पडताळणीत ११ पुस्तकं कमी भरली आणि किंमत माझ्या पगारातून वळती झाली. तेव्हापासून किल्ली पर्समध्येच असते.

साताऱ्याची_ग्रंथपाल

ताई, तुमच्यावर अन्याय झाला. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत हे लिहिलेलंच आहे: वर्षभरात दिल्या-चाळल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ झाली तर ते वाजवी धरावं, त्यात लबाडी किंवा हलगर्जी नसली म्हणजे झालं. आपल्या शाळांना तो नियम थेट लागू नाही, पण त्याची प्रत मुख्याध्यापकांपुढे ठेवा आणि पडताळणीआधीच शाळा समितीच्या बैठकीत अशी मर्यादा ठरवून लेखी घ्या. मी तसंच केलं. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली, त्यातलं पहिलंच ‘पुस्तकं वापरासाठी आहेत’ हे. तो कागदही सोबत जोडा.

सातही कपाटं एकदम उघडू नका. गोष्टींचं एक उघडा, महिनाभर बघा.

नवीन_ग्रंथपाल

आज तिसरं कपाट उघडलं. आठवीच्या दोघी मधल्या सुट्टीत खाली फरशीवरच बसल्या, डबा तसाच बंद. एकीने विचारलं, “मॅडम, हे आधी बंद का असायचं?” मी तिला खरं कारण सांगितलं. ती म्हणाली, “मग परत करायची वही मी सांभाळते.” सोमवारपासून ती वही तिच्याकडे देणार आहे.