दिवाळी पहाट: नवख्या श्रोत्यांना टाळीबद्दल काय सांगावं?

पहाटवारा
सोसायटीच्या मैदानावर दिवाळी पहाट आहे. आधी ख्याल, मग नाट्यगीतं, अभंग आणि शेवटी भैरवी. श्रोते तीनेकशे, त्यातले बरेचसे पहिल्यांदाच बैठक ऐकणारे. निवेदकाने सुरुवातीला दोन मिनिटं टाळ्यांबद्दल बोलावं असं ठरतंय. नेमकं काय सांगावं? अभंगाला सगळ्यांनी टाळ्यांचा ठेका धरला तर चालेल का? शेवटच्या सत्कारात काही कर्णबधिर कलाकार आहेत, त्यांच्यासाठी काय करावं?

समेवर_या
दाद द्यायची टाळी समेनंतर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेनंतर, एवढं एक कळलं तरी खूप झालं. तीनतालाच्या १६ मात्रा, म्हणजे ठोके. ताल मोजताना १, ५, १३ वर टाळी आणि ९ वर खाली, म्हणजे हात न वाजवता पंजा उताणा करून बाजूला न्यायचा. निवेदकाने तबलजींना एक आवर्तन, म्हणजे तालाची एक पूर्ण फेरी, वाजवायला सांगून हे हाताने करून दाखवावं.

गडबड होते ती तिहाईत, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येतात तेव्हा. ‘तिटकत गदिगन धा’ हा तीन मात्रांचा तुकडा नवव्या मात्रेपासून सलग तीनदा वाजवला, की ‘धा’ पडतो ११ वर, मग १४ वर आणि तिसरा थेट समेवर. नवखा श्रोता १४ च्या ‘धा’लाच टाळ्या सुरू करतो आणि ज्या समेसाठी सगळा खटाटोप केला, तीच त्या आवाजात बुडते. चक्रदारात तर अख्खी तिहाईच तीनदा येते, त्यामुळे ‘संपलं’ असं दोनदा खोटंच वाटतं. गायक समेचा हात देतो तिकडे लक्ष ठेवा म्हणावं.

विलंबित, म्हणजे संथ, एकतालाचं एक आवर्तन पाऊण-एक मिनिटही चालतं. तिथे दर समेला टाळी नको, हलकं ‘वा!’ किंवा नुसती मान पुरते. संथ बडा ख्याल संपून जलद छोटा ख्याल सुरू होतो त्या सांध्यावरही हात आवरावा, नाहीतर नव्या बंदिशीचा मुखडाच, म्हणजे सुरुवातीची ओळच, कुणाला ऐकू येत नाही. नाट्यगीताला मात्र मोकळ्या हाताने टाळ्या द्या, वन्समोअरची परंपरा तिथलीच आहे.

ध्वनिवाला
अभंगाच्या ठेक्याचं बघा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. स्पीकर फक्त मंचापाशी असतील, तर ३४ मीटरवरच्या रांगेला ठेका ०.१ सेकंद उशिरा ऐकू येतो आणि त्यांची टाळी मंचावर पोचायला आणखी ०.१ सेकंद लागतो. लय मिनिटाला १२० असेल, तर दोन ठोक्यांत अंतर अवघं अर्ध्या सेकंदाचं. म्हणजे टाळी जवळजवळ अर्धी मात्रा मागे पडते. त्यात प्रत्येक जण शेजाऱ्याचं ऐकून हात उचलतो, मग गायक आणि तबलजी दोघांची ओढाताण होते.

म्हणून ठेका पहिल्या चार-पाच रांगांनीच धरावा, तोही गायकाने खूण केल्यावर. भजनी ठेक्याच्या आठ मात्रांत पहिलीला टाळी आणि पाचवीला खाली. एकाआड एक मात्रेला हात आपटले की लय हमखास चढते. उजव्या हाताची बोटं डाव्या तळव्यावर हलकी पडू द्यावीत. सपाट पंजावर सपाट पंजा आपटला की कडक आवाज निघतो आणि जवळच्या माइकमध्ये तोच भरतो.

हातवारे
कर्णबधिरांसाठीची टाळी डोळ्यांना दिसते. दोन्ही हात डोक्याच्या उंचीला, बोटं मोकळी, आणि मनगटातून पंजे भराभर फिरवायचे. नुसता टाटा केल्यासारखं हलवू नये. सत्कार उजेडायच्या आधी झाला, तर श्रोत्यांवरचे दिवे आधीच लावून ठेवा. अंधारात वर गेलेला हात मंचावरून दिसतच नाही. सत्कारमूर्ती प्रेक्षकांकडे तोंड करून उभे आहेत ना, हेही बघा, कारण पुष्पगुच्छ घेताना ते छायाचित्रकाराकडे वळतात आणि ही दाद त्यांच्या पाठीमागे होऊन जाते. पंजे निदान दहा सेकंद फिरत राहू द्या.

पहाटवारा
आभार! निवेदन असं लिहिलंय: “कृपया मध्येच टाळ्या वाजवू नयेत. गायकांनी समेचा हात दिला की मनमोकळी दाद द्या. अभंगात गायक खूण करतील तेव्हा पुढच्या पाच रांगांनी ठेका धरावा. सत्काराला सर्वांनी हात वर करून पंजे फिरवावेत.”

समेवर_या
पहिलं वाक्य काढून टाका. ‘नयेत’ ऐकलं की माणसं भैरवीपर्यंत हात बांधून बसतात. दुसऱ्या वाक्यापासूनच सुरू करा.