२६ फुटी बोटीवर डिंगी कुठे ठेवावी?

शिडवाला, नागपूर:
माझी आणि धाकट्या भावाची मिळून २६ फुटी शिडाची बोट अलिबागजवळ असते. दिवाळीपासून एप्रिलअखेरपर्यंत आम्ही किनाऱ्याकिनाऱ्याने मुरुड-दाभोळपर्यंत जातो. किनाऱ्यावर उतरण्यासाठी २.३ मीटर लांबीची, पीव्हीसीची हवा भरायची डिंगी (छोटी होडी) आहे. गेल्या हंगामात मागे ओढत नेताना ती वाऱ्याने इंजिनासकट उलटली आणि इंजिनात खारे पाणी शिरले. बोटीच्या पिछाडीला डेव्हिट (होडी टांगायचे दोन हात) बसवून ती टांगावी, असे भावाचे मत आहे. शिवाय मे उजाडला की ती मी नागपूरला आणून गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवतो. यंदा तिचे सांधे चिकट लागत आहेत. दोन्हींवर मार्गदर्शन हवे आहे.

गलबत:
डेव्हिटचा विचार सोडावा, असे मी आग्रहाने सांगेन. एवढ्या लहान बोटीची पिछाडी मुळातच हलकी असते आणि मागून आलेली एक लाट टांगलेल्या डिंगीत शिरून २०० लिटर पाणी साचले, तर पिछाडीवर आणि त्या दोन हातांवर एकाएकी २०० किलोंचा भार येतो. त्यापेक्षा डोलकाठीवरचा मोकळा हॅलियार्ड (शीड वर चढवायचा दोर) डिंगीच्या नाळेकडील, म्हणजे पुढच्या टोकाच्या, कडीला अडकवून ती उभी उचलावी आणि डोलकाठीच्या पुढे डेकवर पालथी घालून चारही बाजूंनी आवळावी. पालथी असल्याने पाणी साचत नाही. मात्र पुढची झडप (डेकवरचे दार) आणि नांगर यांच्या वाटेत ती येणार नाही, हे आधी किनाऱ्यावरच तपासावे. रात्रीचा किंवा लांबचा पल्ला असेल, तर हवा काढून गुंडाळणेच बरे.

इंजिन मात्र डिंगीवर ठेवून कधीही ओढू नये. ओढावे लागलेच, तर शांत पाण्यात, इंजिन पिछाडीच्या कठड्यावर चढवून आणि तरंगणारा दोर वापरून ओढावे. बोट मागे घेण्यापूर्वी तो आखडता घ्यावा, नाहीतर पंख्यात गुंततो.

धरमपेठकर:
सांध्यांचे कारण आपली पत्र्याची खोलीच असावी. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो, पत्र्याखाली त्याहून अधिक. त्या उष्णतेत पीव्हीसीच्या सांध्यांचा गोंद मऊ पडतो. हायपॅलॉनचे (एका कृत्रिम रबराचे) कापड ऊन अधिक सोसते, पण ते महाग आहे. डिंगी गोड्या पाण्याने धुवावी, पूर्ण वाळवावी, टाल्कम पावडर लावून सैल गुंडाळावी आणि तळमजल्यावरच्या कोरड्या खोलीत उंदरांपासून जपून ठेवावी. कूलर चालणाऱ्या खोलीत मुळीच ठेवू नये, तिथल्या दमटपणाने बुरशी धरते. सुटलेला सांधा दोन भागांच्या पॉलियुरेथेन गोंदाने पुन्हा बसतो. थिनर किंवा पेट्रोलने पुसण्याचा मोह टाळावा.

शिडवाला, नागपूर:
दोघांचेही मनापासून आभार. डेव्हिटचा बेत भावाला समजावून रद्द करतो. डेकवर उन्हात हवा भरलेली डिंगी फुटण्याची भीती आहे का?

गलबत:
आहे. सकाळी २५ अंशांत ०.२५ बार (हवेच्या दाबाचे एकक) दाबापर्यंत भरलेली हवा ४५ अंशांवर सुमारे ०.३३ बारपर्यंत चढते, आणि डिंगीच्या हवा भरलेल्या गडद रंगाच्या नळ्या उन्हात त्याहून तापतात. म्हणून दुपारी थोडी हवा सोडावी आणि पाण्यात उतरवल्यावर पुन्हा भरावी. गार पाण्यात ती सैल पडली, तर लगेच छिद्र शोधू नये.