‘ग्राउंडेड थिअरी’ला मराठीत काय म्हणावं? (आणि ‘हाय खाणे’)

प्रश्न (परभणी) : मानसशास्त्राच्या एमएसाठी, सोयाबीन हातचं गेलेल्या घरांत मुलाखती घेतेय. पद्धत ग्राउंडेड थिअरीची. टिपणांत कुठं ‘पायाभूत सिद्धांत’ दिसतं, कुठं ‘आधारित सिद्धांत’. काय लिहू?

लातूरहून : ‘पायाभूत’ नको, ताई. ज्यावर पुढचं उभं राहतं ते पायाभूत. इथं पाया मुलाखतींचा आहे. ‘सिद्धांत’ही खटकतो, सिद्ध होऊन अंताला पोचलेलं ते सिद्धांत. ग्लेझर आणि स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी १९६७ साली ही पद्धत मांडली ती रुग्णालयांत मरणाच्या दारातल्या रुग्णांभोवती काय चालतं, हे बघून झाल्यावर. गृहीतक आधी ठरवायचं नाही. नोंदी एकमेकींशी ताडत जायचं, नवी मुलाखत नवं काही देईना की थांबायचं. हाती येतं ते पुढं बदलू शकणारं स्पष्टीकरण. त्याला आपला जुना ‘उपपत्ती’ शब्द शोभतो. मी ‘सामग्रीजन्य उपपत्ती’ म्हणेन.

परभणी : पटलं. पण कोडिंगला, म्हणजे मुलाखतीतल्या बोलण्याला नेमकं नाव द्यायला, अडलेय. एक आजी लेकाबद्दल म्हणाल्या, “पीक गेलं अन् ह्यानं हाय खाल्ली.” मी समासात ‘नैराश्य’ लिहिलं. सरांनी खोडलं.

बीडहून : सरांनी योग्य केलं. ‘नैराश्य’ ही नुसती अवस्था. ‘हाय खाल्ली’त एक घटना आहे, तिच्या आधीचा माणूस आहे आणि नंतरचा आहे. हाय कशाची तरी असते : पिकाची, गेलेल्या लेकराची. धसका वेगळा. धसका घेतलेला आभाळ भरून आलं की दचकतो. हाय खाल्लेला आभाळाकडं बघतच नाही. आणि घोर तिसराच, तो बहुधा दुसऱ्यासाठी लागतो. हाय लेकानं खाल्ली, घोर आजीला लागला असेल. तिन्ही ‘नैराश्य’ किंवा ‘ताण’ या एका खान्यात टाकले तर घरातलं नातंच पुसलं जातं. बोलणाऱ्याचा शब्द तसाच ठेवा; त्यालाच इन व्हिवो कोड म्हणतात.

अजून एक. “मी हाय खाल्ली” असं स्वतःबद्दल बोलताना मी फारसं कुणाला ऐकलं नाही. ते बघणारा बोलतो.

परभणी : रात्री सगळ्या मुलाखती पुन्हा वाचल्या. ‘धसका’ तिघांनी स्वतःबद्दल वापरलाय, ‘हाय’ एकानंही नाही. ती आजी सोडली तर आजवर मी बापे माणसंच गाठली होती. आता त्यांच्या आया अन् बायकांशी बोलते.