जिवापाड जपलेली सुरी चुकून मोडली... तुमचेपण अनुभव लिहा

शहापूरची लेक:
आज सकाळी पोरग्यानं रंगाच्या डब्याचं झाकण उचकटायला भाजीचा चाकू घेतला आणि टोक मोडून घेऊन आला. चाकू बाजारातलाच, पण त्याचं तोंड बघून मला बाबांची सुरी आठवली. लोहाराकडनं गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्याची करून घेतलेली, काळी पात, बाभळीची मूठ. फणस फोडायचा म्हटलं की बाबा आधी पातीला खोबरेल चोळायचे, चीक चिकटू नये म्हणून. मी नववीत, आई घरात नाही, गुळाची ढेप दगडासारखी. सुरी खुपसली आणि आडवी दाबली, टक्कन बोटभर टोक गुळातच राहिलं. बाबांनी संध्याकाळी अख्खी ढेप पातेल्यात वितळवून फडक्यातनं गाळली, कपची कुणाच्या पोटात जाऊ नये म्हणून. माझ्याशी मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत बोलले नाहीत. तुमच्या हातनं असं काय झालंय? लिहा की.

टिळकवाडीकर:
टोक गेलं म्हणून सुरी गेली असं नव्हे ओ ताई. धारेकडनं हात लावायचा नाही, पाठीकडनं घासत पाठ खाली उतरवायची, नवीन टोक येतं आणि धार आहे तशी राहते. मशीनवर धरला तर सारखं पाण्यात बुडवत राहायचं, निळी पडली की पाणी उतरलं, म्हणजे पातीचा कडकपणा गेला.

निपाणीचा पाव्हणा:
निळी पडली तेच माझं झालं!! आज्जाचा सुरा धारवाल्याकडं धार लावायला दिलो, त्यानं मोटारीच्या दगडावर दाबून धरला, नुसत्या ठिणग्या. घरी येऊन बघतोय तर धारेवर निळा पट्टा. दोन कांदे कापले की धार मुडपली. लोहार म्हणाला साधारण ३०० अंशाला पोचलं की तो निळा रंग येतोय, पिवळसर दिसला तेव्हाच थांबायला पायजे होतं. परत भट्टीत घालून पाणी दिलं पण पात जरा वाकली, तशीच वापरूलोय. आज्जा असता तर काय म्हटला असता हे अजून डोक्यात येतंय.

खानापूरची सून:
ताई गूळ गाळला ते वाचून गलबलून आलं. माझ्याकडनं सासूबाईंची सुरी रात्रभर पाण्यात राहिली, सकाळी मूठ चिरलेली आणि पात लटलट हलायलेली. आतली लाख सुटलेली. मामंजींनी नवीन मूठ करून भोकात लाखेचा चुरा घातला, पातीचं शेपूट तापवून आत दाबलं, गार होईस्तोवर हलवलं नाही. घट्ट बसली. तेव्हापासनं ती सुरी मी धुवून लगेच पुसते आणि तेलाचा हात फिरवते.

हुक्केरीकर:
कोयता चालतोय का इथं? उसाला मारला आणि खाली दगड, धारेला ही एवढी खांड पडली. लोहाराकडनं शेवटून, म्हणजे तापवून ठोकून नवी धार काढून आणला पण आधीचा तोल काय राहिला नाही.

अनगोळची अक्का:
फणसाचं निघालंय म्हणून विचारते, जांबोटीकडं कापा आलाय का यंदा? आमच्यात बरका कोण खात नाही

खानापूरची सून:
आलाय की अक्का, पण पावसाच्या आत न्या, नंतर गरे पाणचट लागतात. आणि हातालापण तेल लावा.

अनगोळची अक्का:
रविवारी येतो मग, दोन ठेवा

शहापूरची लेक:
पाठीकडनं घासायचं असतं हे कुणी सांगितलंच नव्हतं ओ टिळकवाडीकर. बाबा तशीच बुंडकी वापरत राहिले, गेल्यावर मी मागून आणली. खंडेनवमीला कोयता, खुरप्याबरोबर तीपण पूजेला मांडते. आता वाटूलंय नवीन टोक काढून घ्यावं. पण बाबांनी वीस वर्षं काढलं नाही, तर मी का काढू

हुक्केरीकर:
नका काढू

टिळकवाडीकर:
राहू दे तशीच. पोरग्याच्या चाकूला मात्र काढा, त्याला शेजारी बसवून. धार लावायचा दगड नसला तर माझ्याकडं आहे, पाठवतो.