खग्रास ग्रहणाचे फोटो जुळवताना स्थिर काय धरायचं, चंद्र की सूर्य? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

८ एप्रिल २०२४ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे फोटो माझ्या धाकट्या भावाने डॅलसमध्ये काढले. त्याच्या रॉ फाइल्स आता माझ्याकडे नाशिकला आहेत. ४०० मिमी लेन्स, २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सर, साधा ट्रायपॉड, ट्रॅकर (सूर्याच्या मागे कॅमेरा फिरवणारं यंत्र) नाही. खग्रास स्थिती पावणेचार मिनिटांच्या आसपास होती. तेवढ्यात त्याने १/२००० सेकंदापासून अर्ध्या सेकंदापर्यंत एक्स्पोजर (प्रकाश आत घेण्याचा वेळ) बदलत काही फेऱ्या घेतल्या. सूर्य कडेला सरकला की ट्रायपॉड हलवून पुन्हा मध्यावर आणला.

मला यातून प्रभामंडळाचा (सूर्याभोवतीच्या तेजोवलयाचा, करोनाचा) एकच फोटो करायचा आहे. फोटोशॉपचं ऑटो-अलाइन चंद्राची काळी कडा पकडतं, आणि मग प्रभामंडळातले झोत दुहेरी दिसतात. खालच्या बाजूची ती गुलाबी सौरज्वाला धरून हाताने जुळवलं, तर झोत नीट बसतात पण चंद्राची कडा दुहेरी होते. एचडीआर मर्जने (वेगवेगळी एक्स्पोजर आपोआप एकत्र करण्याच्या सोयीने) तर कडेभोवती काळपट वलय येतं.

फोटो पंचवटीतल्या एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मोठा छापायचा आहे. २ ऑगस्ट २०२७ चं ग्रहण आपल्याकडे खंडग्रास दिसेल. ग्रहण सुटल्यावर रामकुंडावर स्नानाला होणारी गर्दी या मुलांनी पाहिलेली असते, पण ग्रहण लागलेलं असताना त्यातली बरीचशी घरात बसवलेली असतात. त्यांना सूर्याभोवती खरोखर काय असतं ते दिसावं, एवढीच इच्छा आहे. म्हणून खोटं काही रंगवायचं नाही.

प्रतिसाद

ताई, दोन्ही एकदम जुळणारच नाहीत. चंद्र सूर्यासमोरून सरकत असतो. तुमच्या पावणेचार मिनिटांत तो सूर्याच्या व्यासाच्या साधारण विसाव्या भागाइतका सरकला. या लेन्सवर सूर्य सुमारे साडेनऊशे पिक्सेलचा येतो, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या फोटोत पंचेचाळीसेक पिक्सेलचा फरक. प्रभामंडळ सूर्याचं आहे, तेव्हा स्थिर सूर्यच धरा. सौरज्वाला धरून जुळवायची तुमची पद्धत बरोबर आहे.

मोठ्या एक्स्पोजरमध्ये मात्र ज्वाला जळून पांढरी होते. म्हणून सगळे फोटो एकाच फोटोशी जुळवू नका, शेजारच्या एक्स्पोजरशी जुळवत साखळीने पुढे जा. लेयरच्या प्रतीवर हाय पास फिल्टर (बारीक तपशील ठळक करणारा) लावला की झोत उठून दिसतात. मग वरचा लेयर डिफरन्स मोडवर (दोन लेयरमधला फरकच दाखवणाऱ्या) टाकून बाणाच्या कळांनी सरकवा. झोत काळे होऊन नाहीसे झाले की जुळलं.

चित्राचं फिरणं विसरू नका. तिथे सूर्य दक्षिणेला, ६४ अंशांच्या आसपास उंच होता. अशा वेळी साध्या ट्रायपॉडने पुन्हा पुन्हा मध्यावर आणलं की चित्र तेवढ्या वेळात दीड-दोन अंश फिरतं. फक्त सरकवून ते भरून निघत नाही. सिरिल या खगोल-फोटोंच्या सॉफ्टवेअरमधलं पॅटर्न जुळवणंसुद्धा नुसतं सरकवतं, म्हणून आधी फिरवून घ्या.

धागाकर्ती

खूप आभार! मी फिरवण्याचा विचारच केला नव्हता. अर्ध्या सेकंदाचे फोटो घ्यावेत का? आणि चंद्राच्या तबकडीचं काय?

प्रतिसाद

घ्या, पण फक्त बाहेरच्या प्रभामंडळासाठी. ट्रॅकर नसल्याने त्या अर्ध्या सेकंदात सूर्य तीन-चार पिक्सेल सरकतो. बाहेरच्या पुसट झोतांना ते चालतं, कडेजवळ नाही. एचडीआरचं बटण सोडा, प्रत्येक लेयरला मास्क (नको तो भाग झाकणारा पडदा) लावून जळलेला भाग काढा आणि खालचं छोटं एक्स्पोजर दिसू द्या. मास्कची कड चांगली मऊ ठेवा, वलय येणार नाही.

तबकडी सगळ्यात शेवटी, खग्रासच्या मध्यावरच्या एकाच फोटोतून गोल कापून बसवा. ती त्या क्षणाची खरी जागा आहे, त्यामुळे खोटं काही होत नाही. चित्राखाली मात्र 'अनेक एक्स्पोजर एकत्र करून' असं जरूर लिहा, मुलं विचारतील.